शांतिसागरमधलं विरजण

हेमा कोथळेचा उजवा पाय अख्ख्या मिरजेत नावाजलेला होता. कोथळे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणारीच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि समोर धोका दिसला की शिकणारीला कळायच्या आत तो दाबला गेलेला असे. पुण्याकडे एव्हाना आपणहून चालणाऱ्या गाड्या आल्या होत्या. पण तसली गाडी मिरजेच्या मार्केटात सोडली, तर म्हैस, हातगाडी आणि उलट्या बाजूने घुसणारा स्कूटरवाला यांना आधी वाट देता देता ती संध्याकाळपर्यंत जागची हलली नसती. त्यामुळे हेमाचा धंदा तरला होता. बायका एकमेकींना सांगत, "मॅडमचा पाय हाय गं, घाबरायचं न्हाई."

त्या दिवशी तो पाय हललाच नाही.

शिकणारी मुलगी बेडगची होती, प्रणोती नावाची, आणि तिचा चौथा की पाचवा दिवस होता. शांतिसागर अपार्टमेंटच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध बंड्या पसरला होता. बंड्या हा अपार्टमेंटच्या दहीभातावर पोसलेला कुत्रा. गेल्याच आठवड्यात याच जागी एका टेम्पोने त्याचा मागचा पाय चिरडला होता. पट्टी बांधलेला पाय लांब करून तो पुन्हा तिथेच पडला होता, आणि अंगावर येणाऱ्या गाडीकडे डोळे उघडे ठेवून बघत होता.

प्रणोतीने किंचाळून स्वतःच ब्रेक मारला. गाडी हिसका देऊन बंड्याच्या नाकापुढे थांबली. बंड्याने शेपटी एकदा आपटली आणि मान खाली टेकवली.

"मॅडम, तुम्ही ब्रेक का नाही मारला ओ?" प्रणोतीला रडू फुटलं होतं.

हेमाने खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी निवांत पडला होता. तिने कुत्रा नीट पाहिला होता. गाडी त्याच्या अंगावरून जाणार, हेही तिला कळलं होतं. पण 'आज ऊन जास्त आहे' हे जसं कळतं तसंच ते कळलं, आणि पुढे काही झालंच नाही. तिने छातीवर हात ठेवला. ठोके अगदी संथ पडत होते. या क्षणी माणसाने घाबरायला हवं, हे तिला विचार करून समजून घ्यावं लागलं.

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली. "मला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

आता या डॉक्टरीणबाईंचं सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

हेमाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा ती काखेपर्यंत पोचली होती. पहिल्या दोन-तीन वेळा केमोचं लाल औषध सलाईनमधून चढलं आणि गाठ बर्फासारखी विरघळायला लागली. घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग गाठ विरघळायची थांबली. पुढे वाढायला लागली. औषध तेच होतं, केस जात होते, उलट्या होत होत्या, आणि गाठीला मात्र त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

डॉक्टर नाझनीन मुजावर मिरजेतच वाढलेली, बाहेर शिकून परत आलेली बाई. पेशंटला समोर बसवून समजावून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"हेमाताई, दहावीच्या परीक्षेत कॉपी बघितलीय कधी?"

"बघितलीय? पुरवलीय की," हेमा म्हणाली.

"मग सोपं आहे. औषध म्हणजे पेपर. बहुतेक पेशी नापास होतात, म्हणजे मरतात. पण एखादी पेशी तग धरायची युक्ती शिकते. आणि ती गप्प बसत नाही. बारीक बारीक चिठ्ठ्या लिहून शेजारणींना पाठवते."

त्या चिठ्ठ्या म्हणजे मायक्रोआरएनए. प्रत्येक पेशीत जनुकांचं एक मोठं पुस्तक असतं. त्यातल्या एकेका पानाची नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम पेशीत प्रथिनं बनतात, असा सगळा कारभार. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचा एक तुकडा. तो स्वतः काही बनवत नाही. तो एखाद्या नकलेवर जाऊन बसतो आणि तिचं तोंड बंद करतो. माणसाच्या प्रत्येक पेशीत एक हुकूम लिहिलेला असतो: दुरुस्तीपलीकडचं नुकसान झालं, तर स्वतःला संपव. कर्करोगाचं औषध बहुतेक वेळा याच हुकमाच्या भरवशावर काम करतं. चिवट पेशीतला हा तुकडा नेमका तोच हुकूम दाबून टाकतो. वर पेशीत शिरलेलं औषध बाहेर उपसणाऱ्या पंपांवरचा लगामही सैल करतो. मग चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरून हे तुकडे बाहेर सोडले जातात, आणि ज्या पेशी उद्या मरणार असतात त्याही आज मरायचं नाकारायला शिकतात.

"प्रयोगशाळेत आम्ही या तुकड्याला हट्टी म्हणतो," डॉक्टर म्हणाली. "पण त्याच्या अक्षरांना उलट अक्षरं जुळवली, तर चेन लावल्यासारखी दोन्ही एकमेकांत अडकतात आणि हट्टी मुका होतो. अडचण होती, ती ही उलटी चिठ्ठी गाठीपर्यंत पोचवायची कशी याची."

त्यांनी ते काम जंतूंवर सोपवलं होतं. पोटात राहणारे, निरुपद्रवी जंतू. ते उलट्या चिठ्ठ्या तयार करणार, कुप्यांत भरून आतड्यातून रक्तात सोडणार. रोज एक कॅप्सूल. त्यातला एक खास पोषक पदार्थ मिळाला तरच ते जगतात, नाहीतर दोन दिवसांत मरतात, म्हणजे पसरायची भीती नाही. प्रयोग नवा होता, पेशंट मोजके होते, आणि हेमापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी इतका वेळ सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. हेमा त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणायची. "म्हंजे दहीच की ओ," आत्या म्हणाल्या.

"तसंच समजा, आत्या," डॉक्टर हसून म्हणाली. आयुष्यात ती इतकी वाक्यं बोलली असेल, पण एवढं महाग तिला दुसरं कुठलंच पडलं नाही.

हेमाचं तोंड आलं होतं. जिभेला, टाळ्याला, घशाला फोड. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. ती जाडजूड कॅप्सूल घशात अडकली आणि उलटून बाहेर आली, असं दोन दिवस झालं. तिसऱ्या संध्याकाळी आत्यांनी कॅप्सूल फोडली, कोमट दुधात पूड टाकली आणि वर आपलं चमचाभर विरजण घातलं. आत्यांचं विरजण म्हणजे त्यांच्या माहेरचं, कुरुंदवाडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आईने वाटीत घालून दिलेलं. ते त्यांनी कधी मोडू दिलं नव्हतं. गावाला गेल्या तर शेजारी ठेवून जात आणि आल्यावर चमचाभर परत आणत.

सकाळी भांडं उघडलं, तर दही असं लागलं होतं की सुरीने वड्या पाडाव्यात. गोड, थंड, फोडांवरून अलगद उतरणारं. हेमाने वाटीभर खाल्लं आणि किती दिवसांनी तिला जेवल्यासारखं वाटलं.

"आता रोज ती गोळी कशाला फोडायची?" आत्या म्हणाल्या. "एकदा विरजलं की झालं. उद्याचं दही आजच्या दह्याचं."

हेमाला ते पटलं. डॉक्टरला सांगितलं नाही एवढंच. पथ्य मोडून आंबा लपवून खावा तसं तिने ते लपवलं, कारण गाठ लहान होत होती. महिन्याभरात काखेतली गाठ बोटाला लागेनाशी झाली. "तुमच्यासारखा गुण कुणालाच नाही आला," डॉक्टर म्हणाली, आणि ती खुर्चीतच उडी मारते की काय असं हेमाला वाटलं.

दह्याची कीर्ती शांतिसागरमध्ये, म्हणजे हेमाच्याच अपार्टमेंटमध्ये, पसरायला किती वेळ लागणार? पहिल्या मजल्यावरच्या मगदूमवहिनी वाटी घेऊन आल्या. मग वरच्या उपाध्येकाकू. मग त्यांची जाऊ. विरजणाला नाही म्हणायची रीत कुठल्याच घरात नसते. चमचाभर द्यायचं आणि विसरून जायचं. त्या चमच्याच्या बदल्यात कुणी काही देत नाही आणि त्याची कुणी आठवणही ठेवत नाही. तीन मजल्यांवर घरोघरी रोज संध्याकाळी दूध कोमट होत होतं, आणि उरलासुरला दहीभात बंड्याला जात होता.

कॅप्सूलमधले जंतू दोन दिवसांत मरायला हवे होते. पण आत्यांच्या त्या जुन्या विरजणातले जंतू पिढ्यान् पिढ्या दुधावर जगत आले होते. जंतू एकमेकांना आपले गुण सहज देतात, त्यांच्यात आपलं-परकं नसतं. खास पोषक पदार्थाशिवाय जगायची विद्या पाहुण्यांनी यजमानांकडून उचलली. विरजण मागायला आलेली शेजारीण नेते तशी.

पहिल्यांदा हेमाच्या नजरेला पडली आत्यांची बोटं. टोकांना भाजल्याचे चट्टे होते, जुन्यावर नवे. आत्या उकळत्या आमटीचं पातेलं उघड्या हातांनी उतरवत, हात झटकत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तसंच उतरवत.

"आत्या, चिमटा घ्या की."

"अगं, चटका बसतोय तेवढ्यापुरता. मागनं काय न्हाई वाटत."

मग उदयच्या तसबिरीपुढचा दिवा बंद झाला. उदय आत्यांचा एकुलता एक मुलगा, हेमाचा नवरा. बायपासवर ट्रकने उडवला त्याला फार वर्षं झाली होती, आणि ड्रायव्हिंग स्कूल त्याच्यामागे हेमाने चालवायला घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्या तसबिरीपुढे आत्यांचा पदर डोळ्यांना लागला नाही असा दिवस गेला नव्हता. आता त्या तसबीर पुसताना गाणं गुणगुणत होत्या.

"उदयची आठवण येत नाही का हो?" हेमाने विचारलं.

"येती की. सगळं आठवतंय. तो पडला, पोलीस आले, मी पायरीवर बसले." आत्यांनी फडकं पिळलं. "पण गं हेमा, छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यागत झालंय."

हेमालाही तसंच झालं होतं. दोघींना त्यात वावगं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग मगदूमवहिनींचे यजमान मगदूमअण्णा गेले. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच. हेमा खाली गेली तेव्हा अण्णा चटईवर होते आणि मगदूमवहिनी शेजारी बसून पोहे खात होत्या. दोन्ही मुलगे अण्णांचा चष्मा कुणाला लागेल याचं बोलत होते. भांडण नव्हतं, अगदी सलोख्याने चाललं होतं. अपार्टमेंटमधली सगळी माणसं जमली होती, आणि सगळी नुसती उभी होती. बस यायची आहे म्हणून उभं राहावं तशी.

तेवढ्यात जयसिंगपूरहून अण्णांची बहीण आली. फाटकापासूनच तिने हंबरडा फोडला होता. "अण्णा रे माझ्या!" करत ती जिना चढली, दारात आली, आणि आतल्या कोरड्या चेहऱ्यांकडे बघून तिचा हंबरडा थांबला. एकेकाकडे बघत ती भिंतीला पाठ लावून सरकली. माणसाने मेलेल्याला भ्यावं, ती जिवंतांना भ्याली होती.

"बसा की वन्सं," मगदूमवहिनी म्हणाल्या. "दहीपोहे खाता?"

अण्णांचं तेरावं होईपर्यंत ती राहिली. जाताना ती रडत नव्हती, आणि तिच्या पिशवीत विरजणाची डबी होती.

तरीही हेमाला काही खटकलं नाही. खटकलं ते लेकीच्या बोलण्याने, तेही दुसऱ्या दिवशी. ऋजुता पंधरा वर्षांची, आईचं शेपूट. आजार निघाल्यापासून ती रात्री उठून आईच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. एका दुपारी ती हेमाच्या खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजत होती.

"काय गं, काय चाललंय?"

"बघत होते. तू गेलीस ना आई, तर मी ही खोली घेईन. माझ्या खोलीत ऊन येतं." तिने टेप गुंडाळली आणि आईकडे बघून गोड हसली. "गाडी आजी विकेल ना?"

"विकेल की," हेमा म्हणाली. त्यावर दोघी जेवायला बसल्या. आणि दुसऱ्या दिवशी बंड्या रस्त्यात दिसला, पाय हलला नाही, तेव्हा कुठे हेमाने आदल्या दिवशीचं ते बोलणं पुन्हा मनात उगाळलं. इतकी वर्षं तिने बायकांना एकच गोष्ट शिकवली होती: भीती वाटली पाहिजे, भीतीच ब्रेक दाबते. भीती कशी दिसते हे तिला पाठ होतं. आपल्या घरात ती कुठेच दिसत नाही, हे तिने हिशेबाने ओळखलं.

दह्याची वाटी घेऊनच ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने सगळं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दोन दिवसांनी तिने हेमाला बोलावलं तेव्हा ती झोपलेली दिसत नव्हती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "हट्टी फक्त गाठीत नसतो, हे आम्हाला माहीत होतं. मेंदूतही असतो, थोडासा. कॅप्सूलमधून जेवढी उलटी चिठ्ठी जाते तेवढ्याने मेंदूला धक्का लागत नाही, असं आम्ही धरलं होतं. पण वाट्याच्या वाट्या दही..." तिने डोळे चोळले. "मेंदूतल्या पेशीही तेच करतात हेमाताई. मार बसला की तो ठसा धरून ठेवतात आणि शेजारणींना कळवतात, विसरू नका. गाठीतली पेशी औषध विसरत नाही, आणि आई मुलाचं मरण विसरत नाही. चिठ्ठी एकच आहे. तुम्हाला घटना आठवते, पण तिचा ठसा पुसला गेलाय."

"परत येतो?"

"जंतू मारले तर येतो. गोळ्या देते सगळ्यांना. महिन्याभरात येईल." तिने हेमाची फाईल उघडली. "पण तुमची अजून दोन सलाईनं राहिलीत. तुम्ही आत्ता थांबलात, तर गाठ पुन्हा शिकेल. या वेळी तिला शिकू दिलं, तर माझ्याकडे काही उरणार नाही. तुमच्यापुरती बंद बाटलीतली मात्रा देता येईल, इथे माझ्यासमोर प्यायची, आणि ती या दह्याइतकीच कडक लागेल. तेवढे दिवस तुम्ही अशाच राहाल. ऋजुताची भीती मात्र परत येईल."

हेमाने पंख्याकडे बघत विचार केला. तिला दुःख झालं नाही, त्यामुळे विचार फार स्वच्छ झाला. लेकीला आई हवी. आई जिवंत पाहिजे. बाकीचं मागाहून बघू.

"मी पिते," ती म्हणाली.

आरोग्य खात्याची माणसं आली, भांडी गोळा केली, गोळ्या वाटल्या, पुन्हा पुन्हा समजावलं. शांतिसागरमध्ये कुणी विरोध केला नाही. सगळ्यांनी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. ज्याला कशाचीच भीती नाही, त्याला कशाची भीती घालणार?

आत्यांनी तेवढं तोंडावर सांगितलं. "मी न्हाई खाणार गोळी. हेमा, तू मला परत त्या पायरीवर बसवू नको. पोरगं गेलं तवापासनं मी तिथंच बसलेले. आत्ता कुठं उठले."

हेमाने त्यांच्यापुढची गोळी उचलून ठेवली. ऋजूच्या बाबतीत मात्र तिने हयगय केली नाही. समोर उभी राहून एकेक गोळी गिळायला लावली. घरात दुधाची पिशवी बंद झाली. आत्या दुपारच्या मगदूमवहिनींकडे जाऊन बसायला लागल्या.

ऋजूची भीती परत आली ती एका दुपारी, गणित सोडवता सोडवता. पेन खाली पडलं. ती उठून आली, आईच्या कमरेला मिठी मारली आणि थरथरायला लागली. "आई, मी ती खोली मोजली. मी असं कसं केलं? तू जाणार नाहीस ना? आई, बोल ना."

हेमाने तिच्या पाठीवर हात ठेवला. वरून खाली फिरवला. आता काय करायचं असतं, ते तिला माहीत होतं, नव्या शिकणारीला क्लच, गिअर, आरसा माहीत असतो तसं. डोक्यावर हात, केसांवर ओठ. "मी आहे गं," असं म्हणायचं, आवाज जरा खाली घेऊन. ती म्हणाली. सगळं बरोबर केलं, क्रम चुकला नाही. आणि ऋजूने मान वर करून आईच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिची मिठी आपोआप सैल झाली.

त्यानंतर ती रडायला आईकडे आली नाही. बाथरूमचा नळ सोडून रडायची. हेमाला ते ऐकू यायचं. आत जायला हवं, असं ती मनाशी म्हणायची, आणि लसूण सोलत बसायची.

दोन्ही सलाईनं झाली. ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात रोगाची एकही पेशी सापडली नाही. डॉक्टर मुजावर रिपोर्ट हातात घेऊन रडली, आणि हेमाने तिला पाणी दिलं.

"आता मात्रा बंद," डॉक्टर म्हणाली. "तुमचंही परत येईल. इतके दिवस इतकी कडक मात्रा कुणी घेतली नव्हती, त्यामुळे कधी ते मी नाही सांगू शकत. येईलच, अशी शपथही घेत नाही."

दात काढल्यावर बधिर गालाला माणूस बोट लावून बघतो, तशी हेमा रोज स्वतःला चाचपून बघायची. उदयच्या तसबिरीपुढे उभी राहायची. बायपासवर जाऊन यायची. काही नाही. स्कूल तिने बंदच ठेवलं होतं, तिच्या पायाचा आता भरवसा नव्हता.

पावसाळा सरून ऊन पडलं होतं. हेमा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा फोडत बसली होती. दार ढकललं गेलं आणि ऋजू आत आली. हातात वाटी, वर बशी झाकलेली. आईला पाहून ती जागीच थांबली.

"कुठून आणलंस?"

ऋजूने वाटी टेबलावर ठेवली.

"मगदूमवहिनींकडचं?"

"थोडंसंच आणलंय," ऋजू म्हणाली. "मला नाही सहन होत आई. तुझा रिपोर्ट चांगला आलाय, मला माहितेय. पण परत येतं ना ते? रोज वाटतं, आज येईल. आणि तू माझ्याकडे बघतेस ना..." तिने वाटीवरची बशी सारखी केली. "गाडी शिकायला यायची त्या प्रणोतीताईकडे बघायचीस तसं बघतेस. मला ते कळायला नकोय. बास. आजीला कसं काही कळत नाही, तसं पाहिजे मला."

तिने बशी काढली. दही पांढरंशुभ्र लागलं होतं. तिने वाटीत बोट घातलं.

टेबलाखाली हेमाचा उजवा पाय फरशीवर दाणकन दाबला गेला.

इतक्या जोराने, की खुर्ची मागे सरकली आणि शेंगा उधळल्या. तिथे ब्रेक नव्हता, गाडी नव्हती, नुसती थंड फरशी होती, आणि पाय ती दाबतच राहिला. मग छातीत काहीतरी सुटलं आणि साठलेलं सगळं एकदम अंगावर आलं. उदय. पायरीवर बसलेल्या आत्या. अण्णांच्या शेजारची पोह्यांची बशी. बाथरूमचा नळ, रोजचा, दोन महिन्यांचा, आणि ती लसूण सोलत बसलेली. हेमाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

"टाक ते! ऋजू, टाक!"

तिने वाटी हिसकावली. ऋजू भिंतीला टेकून आईकडे बघतच राहिली. वाटी हेमाच्या तोंडाशी होती. वास येत होता, गोडसर, गार. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. एक चमचा. एका चमच्यात हे सगळं थांबलं असतं. इतकं दुखत असताना माणसं जगतात तरी कशी, असं तिला खरोखर वाटलं, आणि ती वाटी धरून तशीच उभी राहिली.

"आई," ऋजू हळूच म्हणाली. "तू रडतेयस."

हेमाने गॅस पेटवला. दही पातेल्यात ओतलं. ते फाटलं, पाणी सुटलं, रटरटायला लागलं. दोघी एकमेकींना घट्ट धरून ते उकळताना बघत राहिल्या. ऋजू हुंदके देत होती, हेमा तिच्याहून मोठ्याने, आणि या वेळी कुणी कुणाच्या पाठीवरून हात फिरवला नाही, कारण दोघींनाही ते सुचलं नाही.

आतल्या खोलीतून आत्यांचा आवाज आला. शांत, समाधानी.

"ऋजू, आणलंस काय गं विरजण?"

ऋजूने आईकडे पाहिलं. "सांडलं, आजी."

"सांडू दे की," आत्या म्हणाल्या. कूस बदलल्याचा आवाज झाला. "त्यात काय एवढं. जयसिंगपुरात आता घरोघरी हाय म्हणं."